४२८ की २३७?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

टेनिसच्या क्रमवारीत पहिलं राहण्याचा सर्वांत मोठा विक्रम कुणाचा, या वादात परवा फोनवर "जोकोविचचे ४२८ आठवडे, विषय संपला!" असं म्हणून तू फोन ठेवून दिलास. विषय असा कसा संपेल? तेव्हापासून आकडे मांडत बसलोय, म्हणून हे पत्र.

४२८ मला मान्यच आहेत. १९७३ साली पुरुष टेनिसची संगणकीय क्रमवारी सुरू झाली, तेव्हापासून पहिल्या जागेवर एवढे आठवडे कुणीच काढलेले नाहीत. महिलांत स्टेफी ग्राफचे ३७७, पुरुषांत फेडररचे ३१०. पण एकूण आठवडे म्हणजे नोकरीतली एकूण सेवा. मधे खंड पडला तरी बेरीज होते. सलग मोजायला गेलास तर जोकोविचचा सर्वांत लांब पल्ला १२२ आठवड्यांचा. फेडररचा २३७! फेब्रुवारी २००४ पासून ऑगस्ट २००८ पर्यंत, साडेचार वर्षं.

आणि टेनिसच्या क्रमवारीचे गुण टिकतात फक्त ५२ आठवडे. गेल्या वर्षी विम्बल्डन जिंकलं असेल तर यंदा ते गुण खात्यातून जातात. पुन्हा जिंकलास तर होतास तिथेच राहतोस. आता तू टायगर वूड्सचे सलग २८१ आठवडे काढशील, मला माहीत आहे. पण गोल्फमध्ये दोन वर्षांच्या कामगिरीची सरासरी धरतात, जुने गुण हळूहळू झिजतात. २००८ ची यूएस ओपन जिंकून त्याने गुडघ्याची शस्त्रक्रिया करून घेतली, उरलेलं वर्ष खेळला नाही, तरी पहिला. २०१० मध्ये एकही स्पर्धा जिंकला नाही, तरी ऑक्टोबर सरेपर्यंत पहिलाच. आघाडीच तेवढी कमावली होती, हे कबूल. तरी हे दोन आकडे एका तराजूत घालायचे नाहीत.

खरं सांगू का, हे सगळं मांडताना मी फेडररपेक्षा नदालपाशीच जास्त रेंगाळलो. जुलै २००५ मध्ये तो दुसऱ्या क्रमांकावर आला आणि सलग १६० आठवडे तिथेच थांबला. (‘दोन नंबरचा’ म्हटलं की मराठीत भलताच अर्थ निघतो, तो सोड.) गंमत बघ, फेडररच्या आधी सलग पहिलं राहण्याचा पुरुषांतला विक्रम जिमी कॉनर्सचा होता, तोही १६० आठवड्यांचाच. म्हणजे कॉनर्स जितका काळ राजा होता, तितकाच काळ नदाल दाराशी उभा. त्या काळात त्याने फ्रेंच ओपन घेतली, पुन्हा घेतली, घेतच राहिला. २००८ ची विम्बल्डनची अंतिम लढत पाचव्या सेटमध्ये ९-७ अशी जिंकली, तरी आणखी सहा आठवडे दुसराच! मागे असा माणूस उभा असताना काढलेले आठवडे आहेत ते, म्हणून मला २३७ मोठे वाटतात.

मागचा माणूस नाहीसा झाला तर काय होतं, हे ग्राफच्या बाबतीत दिसतं. तिने सलग १८६ आठवडे काढले (पुढे सेरेनानेही बरोबर तितकेच काढले). मार्च १९९१ मध्ये मोनिका सेलेसने ती जागा घेतली. ३० एप्रिल १९९३ ला हॅम्बुर्गमध्ये सामना चालू असताना ग्राफच्याच एका चाहत्याने सेलेसच्या पाठीत सुरा खुपसला. जूनमध्ये ग्राफ पुन्हा पहिली. सेलेस दोन वर्षांहून जास्त काळ खेळली नाही. १९९५ मध्ये परतली तेव्हा तिला ग्राफच्या जोडीने पहिलं स्थान दिलं गेलं. ग्राफचा यात काडीचाही दोष नाही. तरी ३७७ हा आकडा मला सुटा वाचता येत नाही.

आणि बॅडमिंटनमधला ली चोंग वेई? ऑगस्ट २००८ ते जून २०१२, सलग १९९ आठवडे पहिला. पण ऑलिंपिक सुवर्ण नाही, जागतिक विजेतेपदही नाही. २००८ आणि २०१२ च्या ऑलिंपिक अंतिम सामन्यांत समोर चीनचा लिन डॅन, आणि दोन्हीदा हार. लंडनला तर तिसरा गेम १९-२१ असा गेला. क्रमवारी वर्षभराचा हिशेब ठेवते, लिन डॅन त्या एका दिवसाचा ठेवायचा. तू यांतलं काय घेशील? मी अजून ठरवू शकलेलो नाही.

पुढच्या फोनआधी एक काम कर. जोकोविचच्या त्या १२२ आठवड्यांत त्याच्या मागे कोण कोण होतं ते शोधून ठेव. एक नाव मी देतो: अँडी मरे. नोव्हेंबर २०१६ मध्ये पहिली जागा त्यानेच घेतली. बाकीचं तू सांग, आणि या वेळी फोन मधेच ठेवू नकोस.

तुझा,
(अजूनही फेडररवाला) मित्र