मासोळीचा 'ळी' गेला

समा, वडोदरा
रविवार, दुपार

प्रिय बाळ्या,

दीड वर्षात पत्र नाही, फोनवर नुसतं 'बरं आहे ना?'. शिव्या भेटीत घाल. आईचा गुडघा आहे तसाच, माझी शुगर काबूत. झालं.

आता आपली होडी, मासोळी. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्री नदी ३५ फुटांवर गेली, आमच्या गल्लीत कंबरभर पाणी. समोरच्या मासी गच्चीवरून ओरडल्या, "घरात होडी, आणि दूध आणायला चालत?" चढली ना मर्दुमकी! शेडमधून ओढली, बसलो, फाटकाशी पोचेपर्यंत मागून भसाभसा पाणी आत. मगरी निघाल्यात म्हणून लोक घाबरलेले, आणि मी बुडत्या होडीत पातेल्यानं पाणी उपसतोय. मासी अजून हसतात.

तेव्हापासून ती ताडपत्रीखाली. बघायचा धीर नव्हता. गेल्या आठवड्यात मागच्या फळीला स्क्रूड्रायव्हर टोचला, मुठीपर्यंत आत. नेमका तळाचा कोपरा, जिथे तू पाणी निघायला भोकं ठेवली होतीस आणि मी लांबी (पुट्टी) भरून बुजवली. "होडीला भोकं कोण पाडतं?" तू तीन दिवस बोलला नव्हतास. तर तुझंच खरं. पावसाचं पाणी तिथेच साठत राहिलं. खाऱ्या पाण्यात बुरशी मार खाते, गोड्या पाण्यात तिची मेजवानी. त्यात फळी आंब्याची, आपल्याच कंजूषपणामुळे. मिरवू नकोस.

मिस्त्रीनं हातोडीनं ठोकत जिथे आवाज बद्द आला तिथे खडूची रेघ मारली. म्हणाला, "आमां कंई नथी", यात काही नाही. रेघेपुढे चार बोटं जास्तच कापायचं, धड दिसणाऱ्या लाकडातही बुरशीचे धागे शिरलेले असतात. पण कापावं तितकं पुढे मऊच लागतंय रे! तळाचा प्लायही डावीकडे हातभर गेला. त्याचं जमेल: आयएस ७१० मानकाचा, पाण्यात टिकणारा मरीन प्लाय, सहा मिलिमीटर जाडीला आठपट, म्हणजे ४८ मिलिमीटरचा उतार दोन्ही कडांना तासायचा आणि इपॉक्सीनं, त्या दोन भाग मिसळायच्या गोंदानं, चिकटवायचं. सडकंच लाकूड पातळ इपॉक्सी पाजून टणक करावं असाही मोह झाला. पण वर कवच धरतं, आतली ओल आतच.

अडलोय ते फळीपाशी. ताईनं रंगवलेलं नाव तिच्यावर. 'ळी' गेलाच, 'मासो' उरलंय. मिस्त्री म्हणतो, सगळी बदला, सागवान घ्या. (सागवान तेलकट, अ‍ॅसिटोननं पुसल्याशिवाय इपॉक्सी धरत नाही, हे त्याला मी शिकवलं. तोंड बघायला हवं होतंस.) मला वरचा भाग राखून खाली जोड द्यावासा वाटतो. पण सुकाणूच्या बिजागऱ्या बरोब्बर त्या जोडावर येतात. वारा भरला, सुकाणू ओढलं आणि जोड सुटला तर? तीन रात्री हेच चाललंय. तू असतास तर एव्हाना भांडून मोकळे झालो असतो.

लेकीचा निकाल लागला का? घराचा फोटो पाहिला, छान. जिना अरुंद वाटतो. वहिनींना इथला ओलसर लीलो चिवडा पाठवतोय, तू खाऊ नकोस.

त्या फळीचा पुठ्ठ्याचा साचा तूच नेला होतास, नाही म्हणू नकोस. माळ्यावर बघ. आणि ताईला इतक्यात काही सांगू नकोस.

तुझा,
नंदू