उल्का नव्हे ती. आकडे मोजले असते तर कळले असते

महोदय,

पाडव्याला, २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी, गुढी उतरवून गाठी नातवाच्या गळ्यात घातली होती. पावणेआठच्या सुमारास तो अंगणातून ओरडला, "आजोबा, विमान जळतंय!" बाहेर येऊन पाहतो तर वायव्येकडून आग्नेयेकडे पेटते ठिपके निघालेले, वरातीतल्या गॅसबत्त्या रांगेने जाव्यात तसे. सगळे मोबाईल आणायला घरात पळाले. मी सवयीने सेकंदाला एक असे आकडे मोजू लागलो. शेवटचा ठिपका शेजारच्या कडुनिंबाआड गेला तेव्हा ४१ झाले होते.

दुसऱ्या दिवशी काही वर्तमानपत्रांचा मथळा होता, 'उल्कापात'. जन्मभर भूगोल शिकवल्यामुळे राहवले नाही.

मोठी उल्का मी लहानपणी पाहिली आहे, वडिलांबरोबर ज्वारीच्या जागलीला गेलो असताना. अख्खे शिवार हिरवट उजळले, धांड्यांच्या सावल्या जमिनीवर फिरल्या आणि मी "बा" म्हणेपर्यंत पुन्हा काळोख. तीन आकडेही झाले नसते. बऱ्याच वेळाने दूरवर गडगडले. वडील म्हणाले, पाऊस. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.

उल्का वातावरणात शिरते ती सेकंदाला किमान ११ किलोमीटर वेगाने, काही तर ७० च्या घरात. पृथ्वीभोवती फिरून खाली येणाऱ्या रॉकेटचा वेग ८ किलोमीटरच्या आसपास आणि उतरणे जवळजवळ आडवे. म्हणून ते तुटत तुटत, सावकाश जाताना दिसते. खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांच्या मते हा फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चीनच्या चांग झेंग ३बी रॉकेटचा टप्पा, म्हणजे काम झाल्यावर सुटून राहिलेला भाग, असावा. आमच्याच जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरीला धातूचे भले मोठे कडे पडले, पवनपारला गोळा सापडला. उल्केला कडे कुठून येणार?

विनंती एवढीच की पुढच्या वेळी वाचकांकडे व्हिडिओबरोबर वेळ, दिशा आणि आकडेही मागा. 'कडुनिंबापासून पाण्याच्या टाकीपर्यंत, ४१' असे दोन-तीन गावांतून कळले तरी जाणकारांना मार्ग काढता येतो. आमच्या चिरंजीवांनी धावपळ करून काढलेल्या व्हिडिओत मुख्यतः विजेचा खांब आला आहे.

– एक निवृत्त भूगोल शिक्षक, वरोरा (जि. चंद्रपूर)