आजीची चाल

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "माझ्या आईचा जन्म नुसता दुसऱ्यांचं करण्यात गेला." मी तेव्हा गप्प बसले. मग दोन दिवस ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले आहे. आजीला जाऊन वर्ष होत आलं, आणि तिच्याबद्दलची एक गोष्ट मी तुम्हाला अजून सांगितलेलीच नाही.

आजोबांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा मी अकरा वर्षांची होते. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. भेटायला आलेली माणसं त्यांच्यासमोरच म्हणायची, "आता यांना काही कळत नाही." आजी तिथल्या तिथे सांगायची, "कळतं सगळं. शब्द तेवढा अडकलाय." रात्री दर दोन तासांनी ती त्यांची कूस बदलायची. माझी झोपमोड होऊ नये म्हणून गजराचं घड्याळ टॉवेलात गुंडाळून उशीखाली ठेवायची. मी तिच्या शेजारीच झोपायचे, त्यामुळे जाग यायचीच, पण मी डोळे मिटून पडून राहायचे. त्यांच्या पाठीला एकही जखम झाली नाही, हे आई, तूच नंतर सगळ्यांना सांगायचीस.

ती त्यांना बोलायला लावायची ते मात्र तुम्ही दोघांनी पाहिलेलं नाही. तुम्ही कामावर असायचात. दुपारी ती त्यांचा डावा हात हातात घ्यायची, त्यावर बोटांनी ठेका धरायची आणि अंगाईच्या चालीवर म्हणायची, "पा-णी दे." एकदा, दहादा, पन्नासदा. आजोबा चिडायचे, रडायचे, तोंड फिरवायचे. ती थोडा वेळ थांबायची आणि पुन्हा सुरू करायची. कित्येक आठवड्यांनी त्यांच्या तोंडून ते दोन शब्द बाहेर पडले, गाण्यासारखे.

पुढे मी वाचा-उपचार शिकायला गेले. वर्गात एके दिवशी वाचाघातावरच्या एका उपचाराची माहिती दिली. डाव्या मेंदूला इजा झाली की बोलणं अडतं, पण अशी कितीतरी माणसं गाऊ शकतात. म्हणून छोटी वाक्यं सुरात म्हणवून घ्यायची आणि प्रत्येक अक्षराला रुग्णाच्या डाव्या हातावर ठेका द्यायचा. हा उपचार अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी 1973 मध्ये मांडला. मी वही मिटली आणि बाहेर जाऊन रडले. आजीने यातलं एक अक्षरही वाचलेलं नव्हतं. आजोबा गुणगुणतात तेव्हा अडखळत नाहीत, एवढंच तिच्या लक्षात आलं होतं, आणि पुढचं सगळं तिने स्वतः शोधून काढलं. आज माझ्याकडे येणाऱ्यांचा हात हातात घेताना तिची बोटं आठवतात. कामाची सवय मला तिच्याकडूनच लागली.

म्हणून बाबा, "नुसतं करण्यात गेला" हे मला पटत नाही. तिने केलं ते खूप होतं आणि तिच्या वाट्याला आलेलं ओझंही कमी नव्हतं, ते मी नाकारत नाही. तिला कधी कुणी विसावा दिला नाही याचं वाईट मलाही वाटतं. पण त्या करण्यात तिची बुद्धी होती, चिकाटी होती, आणि आजोबांवरचा तिचा विश्वास होता. नुसत्या मायेने ते शब्द परत आले नसते.

आणखी एक सांगते. आजोबांना सगळ्यांत नीट यायचे ते शब्द "पाणी दे" नव्हते. मध्यरात्री ती कूस बदलायला उठली की ते त्याच चालीवर म्हणायचे, "झोप आता." अंगाईतलेच शब्द. ती हसायची, त्यांचं पांघरूण सारखं करायची. अंधारात ते हसू मी ऐकलंय.

ती चाल कुठली, हे मी तिला एकदा विचारलं होतं. म्हणाली, "तुझ्या बाबाला दात येत होते तेव्हा रात्र-रात्र जागवायचा. तेव्हा जुळवलेली. मग तुला झोपवताना कामी आली."

बाबा, मला पहिल्या दोनच ओळी येतात. पुढचं तुम्हाला येत असेल. आई, तू फोनवर रेकॉर्ड करून पाठव. सूर लागत नाही म्हणून ते टाळतील, तू ऐकू नकोस.

तुमची,
लेक