फोटोपुरते तरी

ती. आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस, "फोटोपुरते तरी रंगव." मी "बघू" म्हटलं आणि विषय बदलला. ते "बघू" खरं नव्हतं. सात महिन्यांपूर्वीच मी केस रंगवणं बंद केलंय आणि तुमच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसालाही अशीच येणार आहे. फोनवर तुझा आवाज उतरला की माझा धीर सुटतो, म्हणून लिहायला बसले.

दिसतं कसं ते आधीच सांगते, म्हणजे दारात पाहून चरकायला नको. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतात. त्यामुळे भांगापासून बोटभर खाली पांढरं आणि त्याखाली जुना तपकिरी रंग, असं दुरंगी झालंय. खांद्यापर्यंतचे सगळे एकसारखे व्हायला अजून दोनेक वर्षं जातील. सगळ्यात जास्त पांढरे डाव्या कानशिलावर आहेत. बाबा, अगदी तुमची जागा. केस कधी पिकायचे हे बरंचसं आईवडिलांकडूनच येतं, मुळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात, एवढंच. मला काही झालेलं नाही. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, सगळं तपासून घेतलं, सगळं ठीक आहे. झोप चांगली लागते. वेळेवर जेवते. दर तीन आठवड्यांनी रविवारची सकाळ त्या वासात घालवायचा कंटाळा आला होता आणि मुळं दिसायला लागली की कोणाकडे जायलाही नको वाटायचं. ऑफिसात एकीने "बरं नाही का गं?" असं विचारलं. दोन दिवस वाईट वाटलं, मग विसरले. घाईघाईत घेतलेला निर्णय नाही हा. तुला दुखवायला तर अजिबातच नाही.

बाबांचे केस चाळिशीत पिकले तेव्हा सगळे म्हणाले, काय रुबाबदार दिसतात! त्याच वर्षी तू पहिली डबी आणलीस.

त्या रविवारांची मला फार आठवण येते गं. तू न्हाणीत पालथ्या बादलीवर बसायचीस, खांद्यावर बाबांचा विटका टॉवेल, वाटीत कालवलेला रंग आणि जुना टूथब्रश. मागचं तुला दिसायचं नाही, म्हणून मी आरसा घेऊन उभी. कपाळावर डाग पडला की बोटाला तेल लावून मीच पुसायचे. कानामागचा नेहमी राहायचा आणि तू दिवसभर तसाच घेऊन फिरायचीस. तुझ्या लहानपणीच्या जेवढ्या गोष्टी मला ठाऊक आहेत, त्या सगळ्या त्या अर्ध्या तासातल्या.

आणि त्याच मी ताईच्या लग्नात सगळ्यांसमोर म्हणाले, "आई, या वयात आता कोणासाठी रंगवतेस?" सगळ्या हसल्या. तूही हसलीस. पण त्यानंतर आरसा धरायला तू मला कधी बोलावलं नाहीस. का, ते मला मागच्या महिन्यापर्यंत कळलंही नव्हतं. बाबांनी सांगितलं (त्यांच्यावर रागावू नकोस, मीच खोदून विचारलं), की तू रात्री सगळं आवरल्यावर दार लावून एकटीच रंगवतेस. गेल्या वेळी सकाळी उठलीस तर पापण्या सुजून डोळे उघडेनात. तीन दिवस तू मला व्हिडिओ कॉल केला नाहीस. नेटवर्क नाही म्हणालीस.

माझ्या सावळ्या रंगावरचं आत्याचं ते वाक्य मी वीस वर्षं मनात धरून बसले. त्या गोरेपणाच्या क्रीमच्या ट्यूबबद्दल मात्र खरंच काही मनात नाही, तू माझ्या भल्यासाठीच आणली होतीस. पण मी तुला जे बोलले ते आत्याच्या बोलण्याहून काय वेगळं होतं? मला माफ कर. तुझे केस तुझे आहेत. ऐंशीव्या वर्षीही काळे हवेसे वाटले तर हवेत, बस्स.

फक्त ही डाय आता नको. इथे मी हट्ट करणार आहे. काळ्या डायमध्ये बहुतेक वेळा पीपीडी नावाचं रसायन असतं, पॅराफेनिलीनडायअमीन. अनेक वर्षं चाललेल्या माणसालाही त्याचं वावडं होऊ शकतं. एकदा झालं की सहसा कायमचं राहतं आणि पुढच्या खेपेला त्रास आणखी जोरात होऊ शकतो. पाकिटावर "अमोनिया नाही" लिहिलं असलं तरी आत हे असू शकतं. आणि तू बाबांना म्हणालीस ना, "मी आता काळी मेंदीच लावते"? आई, मेंदीच्या पाल्याचा रंग तांबूस-केशरी येतो, काळा कधीच नाही. काळी मेंदी म्हणून मिळते तिच्यात पुष्कळदा हेच घातलेलं असतं.

तेव्हा बाबा, कपाटातलं पाकीट फेकू नका, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या. पुढच्या बुधवारी सकाळी दहाची वेळ घेतली आहे. ते पाठीवर पट्ट्या चिकटवून तपासतील. साधारण दोन दिवस त्या ठेवतात, आणि डॉक्टर सांगतील तोवर पाठ भिजवायची नाही. हिला अंग पुसून घ्यायला न्हाणीत स्टूल ठेवा आणि सैल, सुती घाला म्हणावं. तोंड सुजलं किंवा श्वास लागला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी सरळ दवाखान्यात जायचं, सकाळची वाट बघायची नाही. मला नंतर कळवा.

डॉक्टरांनी दुसरा एखादा रंग चालेल म्हटलं तर तो मी घेऊन येते. आधी कानामागे थेंबभर लावून ४८ तास थांबायचं, मग पुढचं. आरसा मी धरीन. समारंभाआधी चार दिवस येतेच आहे. नाही चालला, तर फोटोत आपण तिघंही सारखेच दिसू.

त्या दिवशी तुला उभं राहावं लागणार नाही, पाठीला टेकता येईल अशी खुर्ची सांगून ठेवली आहे. फोटोवाल्याला दिवा डोळ्यांवर मारू नको म्हणून बजावलंय. आत्या काही बोलली तर तू उत्तर देऊ नकोस, मी तुझ्या शेजारीच असेन.

आणि बाबा, न्हाणीतला दिवा किती मिणमिणता आहे! उद्याच्या उद्या बदला.

तुमची,
मनू