कुटुंबाचा अभ्यास विद्यापीठातच व्हायला हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचे निकाल लागले की पालकांच्या बोलण्यात अभियांत्रिकी, वैद्यकीय आणि फार तर वाणिज्य एवढीच नावे घोळत राहतात. 'मानव विकास आणि कुटुंब अभ्यास' असे कुणी म्हटलेच, तर 'म्हणजे स्वयंपाक आणि शिवणकाम ना?' हा प्रश्न ठरलेला असतो. वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात हाच विषय शिकलेली मराठी विद्यार्थिनी या नात्याने मी हे पत्र लिहीत आहे.

१९४९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात हंसा मेहता कुलगुरू असताना, १९५० मध्ये, गृहविज्ञानाची स्वतंत्र विद्याशाखा सुरू झाली. घटना समितीच्या सदस्य असलेल्या आणि मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याच्या मसुद्यावर काम केलेल्या हंसाबेनच्या कारकिर्दीत उभी राहिलेली ही शाखा केवळ गृहकृत्यदक्ष सुना घडवण्यासाठी होती, असे मानणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे.

प्रत्यक्षात काय शिकवतात, ते याच शाखेतील मानव विकास आणि कुटुंब अभ्यास विभागाच्या चेतन बालवाडीत दिसते. मुले खेळत असताना विद्यार्थ्यांनी बाजूला बसून निरीक्षण लिहायचे असते. एखाद्या मुलाबद्दल 'हट्टी आहे' असे लिहून चालत नाही. त्याने ठोकळा कुणाच्या हातून घेतला, किती वेळ धरून ठेवला आणि शेजारचे मूल रडू लागल्यावर काय केले, एवढेच लिहायचे. निष्कर्ष त्यानंतर, आणि तोही एका दिवसाच्या नोंदीवरून नाही. माणसाबद्दल घाईने मत न बनवण्याची ही शिस्त मला दुसऱ्या कुठल्याही वर्गात मिळाली नसती. शिवाय विद्यापीठ मोठे असल्याने समाजकार्य, मानसशास्त्र, कायदा आणि वैद्यक या शाखाही तिथेच आहेत. वृद्धांची देखभाल किंवा घटस्फोटानंतरची मुले असे प्रश्न एका विषयाच्या चौकटीत मावत नाहीत, तेव्हा ही जवळीक फार उपयोगी पडते.

महाराष्ट्राला हे काही नवे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांच्या अंगणात जाऊन बालशिक्षण उभे केले; अंगणवाड्या चालवणारी एकात्मिक बालविकास सेवा योजना त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९७५ मध्ये आली. आता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला आहे. अशा वेळी अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणाचा भार, बालविकासाचा शास्त्रशुद्ध अभ्यास केलेल्यांना बाजूला ठेवून, कुणाच्याही गळ्यात घालणे योग्य नाही.

राज्यात एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठात आणि परभणीच्या कृषी विद्यापीठात या प्रकारचे शिक्षण मिळते, ही समाधानाची बाब आहे. तथापि राज्यातील अन्य मोठ्या विद्यापीठांनीही मानव विकासाचे पूर्ण विभाग आणि त्यांना जोडलेल्या प्रयोगशील बालवाड्या चालवाव्यात, तेथे मुलग्यांनाही आवर्जून प्रवेश द्यावा आणि अंगणवाडी प्रशिक्षण तसेच कुटुंब न्यायालयांतील समुपदेशन यांसाठीच्या नेमणुकांत या पदवीधरांचा अग्रक्रमाने विचार शासनाने करावा, अशी माझी विनंती आहे.

आपली,
एक माजी विद्यार्थिनी, वडोदरा