माननीय आरोग्य मंत्री, प्रशिक्षण दिलेल्या माणसांना नोकरी केव्हा देणार?

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कंत्राटी आरोग्य सेविकांच्या समायोजनाबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार.

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील एका आदिवासी तालुक्यातील उपकेंद्रात मी 2008 पासून कंत्राटी आरोग्य सेविका म्हणून काम करते. समायोजनासाठी, म्हणजे कायम पदावर सामावून घेण्यासाठी, पात्र आणि अपात्र कर्मचाऱ्यांच्या याद्या गेल्या आठवड्यात आमच्याकडे लागल्या. माझे नाव अपात्रांच्या यादीत आहे आणि शेऱ्याच्या रकान्यात 'सेवेत खंड' एवढे दोनच शब्द आहेत. हा खंड मी घेतलेला नाही. 11 महिन्यांचा करार संपला की कर्मचाऱ्याला कागदोपत्री एक दिवस कमी करायचे आणि मग पुनर्नियुक्तीचा आदेश हातात ठेवायचा, ही पद्धत शासनाची आहे. त्या एका दिवशीही मी उपकेंद्रातच असायचे, कारण बाळंतपणाच्या कळा कराराची तारीख पाहून येत नाहीत. शासनाने स्वतः पाडलेला खंड आज शासनच माझ्या नावापुढे दोष म्हणून लिहिते, हे मला सहन झाले नाही, म्हणून हे पत्र आपल्याला सर्वांसमक्ष लिहीत आहे.

अभियानात 10 वर्षे सेवा झालेल्या कर्मचाऱ्यांना रिक्त पदांवर सामावून घेण्याचा शासन निर्णय 14 मार्च 2024 रोजी निघाला. तो दिवस आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात कोणी विसरलेले नाही. आमच्यातल्या एकीने सर्वांना पेढे वाटले होते. त्यानंतर कागदपत्रे मागवली, पडताळणी झाली, पुन्हा तीच कागदपत्रे मागवली, आणि शेवटी 19 ऑगस्ट 2025 पासून राज्यभरातील कंत्राटी कर्मचाऱ्यांना कामबंद आंदोलन करावे लागले. स्वतःच काढलेल्या निर्णयाची अंमलबजावणी व्हावी म्हणून कर्मचाऱ्यांना रस्त्यावर उतरावे लागत असेल, तर त्या निर्णयावरील सहीला किंमत काय उरते?

महोदय, राज्यात आरोग्य मनुष्यबळ कमी आहे आणि ते वाढवण्यासाठी शासन झटत आहे, असे आम्हाला प्रत्येक कार्यक्रमात सांगितले जाते. 9 ऑक्टोबर 2024 रोजी राज्यातील 10 नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झाले आणि एमबीबीएसच्या 900 जागा वाढल्या. केंद्राने 2025 च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत 75,000 वैद्यकीय जागा वाढवण्याचे उद्दिष्ट मांडले. त्याआधी 2023 च्या अर्थसंकल्पात देशभर 157 नवी नर्सिंग महाविद्यालये जाहीर झाली होती. गडचिरोली, वाशीम, हिंगोली येथे वैद्यकीय महाविद्यालये झाली याचा मला मनापासून आनंद आहे. तिथल्या मुलामुलींनी डॉक्टर व्हावे यापरते चांगले काही नाही. परंतु शिकून बाहेर पडलेल्या माणसाला शासन आपल्याकडे कसे टिकवणार, याबद्दल या घोषणांमध्ये एक ओळही नसते. मी इतकी वर्षे जे पाहते आहे ते असे की शिकलेल्या माणसांची वानवा या राज्याला कधीच नव्हती. त्यांना कायम पद द्यायची तयारी नसते आणि तुटवडा तिथून सुरू होतो.

आपलाच एक नियम पाहा. शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्या डॉक्टरने एक वर्ष शासकीय सेवा करावी, न केल्यास 10 लाख रुपये भरावेत, असे बंधपत्र शासन लिहून घेते. म्हणजे ज्याला राहायचे नाही त्याने निदान वर्षभर तरी राहावे म्हणून शासन दंड लावते, आणि जी निवृत्त होईपर्यंत त्याच पाड्यांवर काम करायला तयार आहे तिला 11 महिन्यांच्या करारावर ठेवते. हा हिशेब कोणत्या अधिकाऱ्याने मांडला आणि कोणत्या बैठकीत मंजूर झाला, ते कृपया आम्हाला सांगावे.

प्रशिक्षणाबद्दल मी अनुभवाने बोलते. प्रसूती कौशल्याचे 21 दिवसांचे प्रशिक्षण मी आणि शेजारच्या उपकेंद्रातील एक मुलगी, अशा आम्ही दोघींनी बरोबरच घेतले. ते प्रशिक्षण उत्तम होते, हे मी मोकळेपणाने सांगते. त्याच पावसाळ्यात एका रात्री एका पाड्यावरून पहिलटकरीण जीपमधून आणली. प्रसूती नीट झाली, बाळ रडले, वारही पूर्ण पडली आणि मग रक्तस्राव थांबेना. हाताला गर्भाशय मऊ लागत होते, आवळून येत नव्हते. आशाताईने 108 ला फोन लावला तेव्हा कळले की गाडी दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेली आहे. मी सलाइन लावून त्यातून ऑक्सिटोसिन सुरू केले, तिचे मूत्राशय रिकामे केले आणि ओटीपोटावरून गर्भाशय चोळत राहिले. हाताखाली ते हळूहळू घट्ट होत गेले. आशाताई टॉर्च धरून दर थोड्या वेळाने नाडी मोजत होती, कारण वीज संध्याकाळीच गेली होती. गाडी आली तोवर बाईचा रक्तदाब सावरला होता. हे सारे त्या 21 दिवसांनी शिकवले होते. माझ्याबरोबर शिकलेली ती मुलगी मात्र आता एका खासगी रुग्णालयात काम करते, कारण तिथे दर महिन्याला ठरल्या तारखेला पगार होतो. तिच्या जागी आलेल्या नव्या मुलीचे हे प्रशिक्षण अजून व्हायचे आहे. शासनाच्या अहवालात ती निघून गेलेली मुलगी आजही 'प्रशिक्षित' या रकान्यात मोजली जात असणार. त्या उपकेंद्रावर आज रात्री कोणाला रक्तस्राव झाला, तर तो रकाना काही कामाचा नाही.

आमची प्रशिक्षणे अलीकडे कशाची होतात, तेही आपल्या कानावर असावे. माता-बालकांचे आरसीएच, असंसर्गजन्य आजारांचे एनसीडी, लसीकरणाचे यू-विन, क्षयरोगाचे निक्षय, आरोग्य खात्याच्या क्रमांकाचे आभा: प्रत्येक पोर्टलसाठी वेगळी बैठक, वेगळा पासवर्ड आणि वेगळा तगादा. नोंदी आवश्यक आहेत, त्याविना जोखमीची माता आणि लस चुकलेले बाळ सापडत नाही, हे मला पटते. पण आमच्या पाड्यांवर नेटवर्क नसते, म्हणून दिवसा वहीत लिहिलेले रात्री टेकडीवर जाऊन मोबाइलमध्ये भरावे लागते, आणि नोंद अपूर्ण राहिली की नोटीस आम्हालाच येते. डोंगराळ व आदिवासी भागात उपकेंद्र 3,000 लोकसंख्येमागे एक असावे असा निकष आहे. त्या उपकेंद्रात दोन आरोग्य सेविका अपेक्षित आहेत, एक नियमित आणि एक अभियानातून. आमच्याकडे नियमित सेविकेचे पद सेवानिवृत्तीनंतर भरलेच गेले नाही. तिचे काम मी करते, माझेही मी करते. वेतन मात्र कंत्राटाचेच मिळते आणि तेही वेळेवर मिळत नाही. माझी मुलगी जन्मली तेव्हापासून मी तिला सणासुदीला कधी घरी भेटले, ते आठवावे लागते. मला पाठीचे दुखणे जडले आहे. सासूबाईंच्या आजारपणात रजा मागितली तेव्हा 'बदली कर्मचारी नाही' हे उत्तर मिळाले, आणि ते उत्तर खरे होते, यातच सारी दुरवस्था आली.

नियमित भरतीतून या, असे आम्हाला वरिष्ठ सांगतात. तोही मार्ग आम्ही चोखाळला. मार्च 2019 मध्ये जिल्हा परिषदांच्या भरतीची जाहिरात निघाली, आम्ही शुल्क भरून अर्ज केले, परीक्षा पुढे ढकलत राहिली आणि 2022 मध्ये ती प्रक्रियाच रद्द झाली. दरम्यान 2021 मध्ये आरोग्य विभागाच्याच भरतीचा पेपर फुटला. 2023 मध्ये जिल्हा परिषदांच्या 19,460 पदांची नवी जाहिरात आली. अनुसूचित क्षेत्रातील पदांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात असल्याने तिथल्या, म्हणजे पेसा कायद्याखालील आदिवासी क्षेत्रातील, निवडी अडकल्या. लोकप्रतिनिधींनी निषेध म्हणून मंत्रालयातल्या सुरक्षा जाळीवर उड्या घेतल्या तेव्हा 2024 च्या ऑक्टोबरात त्या उमेदवारांना नेमणुका देण्याचे ठरले, त्याही मानधनावर. कायम पदाची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या आदिवासी मुलीही शेवटी आमच्याच रांगेत येऊन उभ्या राहिल्या.

आशाताईंचे काय झाले, तेही महाराष्ट्राने पाहिले. 2023 च्या नोव्हेंबरात मोबदल्यात 7,000 रुपयांची वाढ जाहीर झाली, शासन निर्णय निघेना, म्हणून त्यांना जानेवारी 2024 पासून संप करून आझाद मैदानात बसावे लागले आणि मार्चमध्ये हाती पडली ती 5,000 रुपयांची वाढ. त्या रात्री माझ्या शेजारी टॉर्च धरून उभी असलेली आशाताईही त्या मैदानात होती. तिला शासन कर्मचारी मानत नाही, स्वयंसेविका म्हणते.

दाद मागायला गेलो की प्रत्येक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवते. अभियानाचा 60 टक्के खर्च केंद्राचा आणि 40 टक्के राज्याचा, म्हणून कायम पदाचा प्रश्न निघाला की राज्य केंद्राकडे पाहते आणि केंद्र सांगते की आरोग्य हा राज्याचा विषय आहे. उपकेंद्र जिल्हा परिषदेचे, म्हणून ग्रामविकास विभाग. जिल्हा रुग्णालय आपल्या विभागाचे, पण त्याला वैद्यकीय महाविद्यालय जोडले की वैद्यकीय शिक्षण विभाग. रुग्णाला यातले काही ठाऊक नसते. ऑक्टोबर 2023 मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 रुग्ण दगावले, त्यांत 12 नवजात बालके होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन मंजूर आणि रिक्त पदांची माहिती मागवली. हा आकडा मागण्यासाठी न्यायालयाला पुढे यावे लागते, तो शासन स्वतःहून दर महिन्याला जनतेसमोर का ठेवत नाही? 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात राज्यांनी 2020 पर्यंत आपल्या अर्थसंकल्पाचा 8 टक्क्यांहून अधिक भाग आरोग्यावर खर्च करावा, असे लिहिले आहे. देशातल्या सर्वांत श्रीमंत राज्यांपैकी एक म्हणवणारा आपला महाराष्ट्र त्या रेषेच्या बराच खाली आहे. रस्त्यांना, पुलांना, उद्घाटनाच्या मंडपांना पैसा मिळतो आणि आरोग्य सेविकेच्या वेतनाचा विषय निघाला की 'वित्त विभागाची हरकत' पुढे येते. ही हरकत नेहमी आमच्याच बाबतीत कशी निघते, हा प्रश्न मला आता केवळ आपल्याला नव्हे, आजवरच्या सर्व सरकारांना विचारायचा आहे. त्यांत प्रत्येक पक्षाचे लोक होते आणि प्रत्येकाने आम्हाला 'आरोग्य व्यवस्थेचा कणा' म्हटले. कोविडच्या काळात आमच्यावर फुले उधळणाऱ्यांपैकी एकानेही आमचा करार 11 महिन्यांऐवजी 12 महिन्यांचा केला नाही.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. कराराच्या पद्धतीमुळे पडलेला एक दिवसाचा खंड सेवेतील खंड मानू नये, असे स्पष्ट परिपत्रक काढावे आणि त्या कारणाने अपात्र ठरवलेल्या सर्व प्रकरणांची फेरतपासणी करावी. आदिवासी भागातील उपकेंद्रांवर नियमित आरोग्य सेविकेचे रिक्त पद तिथेच काम करणाऱ्या प्रशिक्षित कंत्राटी सेविकेला प्रथम द्यावे. प्रशिक्षण घेतलेले किती कर्मचारी दोन वर्षांनंतरही शासकीय सेवेत आहेत, हे मोजून जाहीर करावे, कारण तो आकडा समोर आला की नव्या जागांच्या घोषणा करण्यापूर्वी शासनालाच विचार करावा लागेल. वेतन महिन्याच्या पहिल्या आठवड्यात व्हावे, एवढे मागायलाही आता संकोच वाटतो, पण मागते.

अपात्रतेविरुद्धचा माझा लेखी आक्षेप मी संबंधित कार्यालयात दिला आहे आणि त्याची पोच माझ्याकडे आहे. तो फेटाळायचा असेल, तर तो खंड कोणाच्या आदेशाने पडला हे त्या उत्तरात लिहून द्यावे आणि खाली अधिकाऱ्याने नाव व हुद्द्यासह सही करावी.

आपली विश्वासू,
एक कंत्राटी आरोग्य सेविका