‘राइट प्रोटेक्टेड’ पेनड्राइव्ह : आधी प्रत, मग दुरुस्ती

संपादक महोदय,

पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड अचानक ‘राइट प्रोटेक्टेड’ झाले, म्हणजे त्यावर काही लिहिता किंवा पुसता येईनासे झाले, तर काय करावे, या प्रश्नाला तंत्रज्ञानविषयक सदरांतून आणि यूट्यूबवरून बहुधा एकच उत्तर मिळते. रजिस्ट्रीतील (विंडोजच्या अंतर्गत मांडणीच्या नोंदवहीतील) एक नोंद बदला, ‘डिस्कपार्ट’ या विंडोजच्या डिस्क हाताळणाऱ्या साधनाची आज्ञा चालवा आणि तरीही जमले नाही तर फॉरमॅट करा. हा सल्ला काही वेळा लागू पडतो, हे खरे. परंतु जिथे तो लागू पडत नाही तिथे घरच्या कार्याचे फोटो किंवा प्रबंधाची एकमेव प्रत त्यापायी कायमची जाऊ शकते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

साधनावर लिहिणे बंद होण्याची कारणे एकमेकांहून अगदी वेगळी असतात, पण संगणक त्या सर्वांसाठी जवळपास एकच वाक्य दाखवतो. विंडोजचा संदेश तर संरक्षण काढा किंवा दुसरी डिस्क वापरा, असे सांगून मोकळा होतो. ते संरक्षण कोणी लावले आणि का लावले, याविषयी त्यात अवाक्षरही नसते.

मोठ्या एसडी कार्डाच्या कडेला असलेली सरकपट्टी हे सर्वांत साधे कारण. ही पट्टी कार्डातील कोणत्याही सर्किटला जोडलेली नसते; तिची जागा कार्ड रीडरमधील एक छोटा स्विच ओळखतो आणि रीडर ती माहिती संगणकाला कळवतो. त्यामुळे पट्टी सैल झाली की धडधाकट कार्डही लिहिण्यास बंद असल्याचे दिसते आणि रीडरने तिच्याकडे दुर्लक्ष केले तर ‘बंद’ कार्डावरही लिहिले जाते. दुसरे कारण विंडोजमधील धोरणाचे. एक्सपीच्या २००४ मधील दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून यूएसबी साधनांवर लिहिण्यास मज्जाव करणारी नोंद रजिस्ट्रीत ठेवता येते आणि अनेक कार्यालये ती हेतुपुरस्सर ठेवतात. प्रचलित सल्ला खरोखर उपयोगी पडतो तो इथेच.

खरा धोका पुढच्या दोन कारणांत आहे. या साधनांतील फ्लॅश चिपवर नवे लिहिण्यापूर्वी जुना मजकूर ब्लॉकच्या ब्लॉक पुसावा लागतो आणि प्रत्येक ब्लॉक मर्यादित वेळाच पुसता येतो. खराब ब्लॉकच्या जागी साधनातील नियंत्रक (कारभार पाहणारी चिप) राखीव ब्लॉक वापरत राहतो. ते संपले की अनेक पेनड्राइव्ह आणि एसएसडी लिहिणे कायमचे थांबवतात, जेणेकरून आत आहे ते निदान वाचता यावे. डिस्कपार्ट विंडोजने स्वतः केलेली खूण पुसते, या नियंत्रकाचा निर्णय तिला फिरवता येत नाही. आयुष्य संपलेल्या साधनावर असे प्रयोग करत बसणे म्हणजे प्रत काढून घेण्यासाठी मिळालेली मुदत वाया घालवणे होय.

दुसऱ्या प्रसंगी साधन चांगले असते, पण त्यावरील फाइल सिस्टिममध्ये, म्हणजे कोणती फाइल कुठे आहे याच्या नोंदी ठेवणाऱ्या व्यवस्थेत, विसंगती आढळते. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम अशा वेळी फॅट या प्रकारच्या फाइल सिस्टिमचे कार्ड आपोआप ‘फक्त वाचनीय’ करते आणि उबुंटू व डेबियन या लिनक्सच्या प्रकारांत डिस्कच्या मुख्य विभागासाठीही हीच व्यवस्था असते, कारण बिघडलेल्या नोंदींवर पुढे लिहीत गेल्यास चांगल्या फाइलीही नष्ट होतात. हा निर्णय अत्यंत योग्य आहे. मात्र त्याचे कारण कर्नलच्या (प्रणालीच्या गाभ्याच्या) नोंदवहीत पडून राहते, पडद्यावर येत नाही, आणि वापरणारा फॉरमॅटचे बटण दाबतो. ज्या फाइली वाचवण्यासाठी प्रणालीने लिहिणे थांबवले, त्याच तो आपल्या हाताने पुसतो.

यात भर म्हणजे, ‘कॉपी पूर्ण झाली’ असे दिसले तरी मजकूर काही काळ रॅममध्येच असू शकतो. लिनक्समध्ये ही मुदत सामान्यतः ३० सेकंदांच्या आसपास असते. तेवढ्यात साधनाने लिहिण्यास नकार दिला, तर तो नकार ज्याला कळायला हवा त्याला कळेलच असे नाही. २०१८ मध्ये पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसच्या विकासकांच्या लक्षात आले, की डिस्कवर लिहिणे एकदा फसल्यानंतर पुन्हा विचारणा केली असता लिनक्स ‘सर्व ठीक’ असे उत्तर देऊ शकते. तज्ज्ञांच्या नजरेतून हे इतकी वर्षे सुटले असेल, तर सामान्य माणसाला दोष देण्यात अर्थ नाही.

याचा संबंध न्यायालयाशीही येतो. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात हॅश मूल्य (मजकुरावरून काढलेला, मजकूर जराही बदलला की बदलणारा आकडा) द्यावे लागते. परंतु ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टिमची डिस्क नीट बंद झालेली नसेल, तर ‘फक्त वाचनीय’ म्हणून जोडली तरी लिनक्स तिच्या जर्नलमधील (बदलांच्या आगाऊ नोंदवहीतील) अपुऱ्या नोंदी डिस्कवर लिहून पूर्ण करते, आणि मग संपूर्ण डिस्कचे हॅश मूल्य बदलते. म्हणून पुरावा हाताळणाऱ्यांनी केवळ प्रणालीच्या शब्दावर विसंबू नये. लिहिणे प्रत्यक्ष अडवणारा हार्डवेअर राइट ब्लॉकर वापरलाच पाहिजे.

ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्यांनी लिहिणे रीडरने अडवले, धोरणाने, नियंत्रकाने की फाइल सिस्टिमने, हे पडद्यावर आणि मराठीसह सर्व भाषांत स्पष्ट सांगावे. ते होईपर्यंत आपल्या सदरलेखकांनी अशा प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात सर्व फाइली दुसऱ्या साधनावर उतरवून घेण्याच्या सूचनेने करावी आणि फॉरमॅटचा उल्लेख त्या उतरवलेल्या फाइली उघडून पाहिल्यानंतरच यावा, अशी आपल्यामार्फत विनंती करतो.

आपला विश्वासू,
एक वाचक